अर्धशिशी आणि खाणं : नेमकं कशानं दुखतं, ते तुम्ही कसं शोधलंत?

मलप्रभाकाठ · रविवार, रात्री ८.५०

नमस्कार. लिहिणं लांबणार आहे, पण गेले चार महिने मी या एकाच गोष्टीच्या मागे आहे, म्हणून सगळं सांगते.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. वय ३९. दहावीच्या वर्षापासून अर्धशिशी आहे. उजव्या डोळ्यामागून सुरू होते, मग ठणके, उजेड नको, कुकरची शिट्टीसुद्धा सहन होत नाही, शेवटी उलटी. कमीत कमी अर्धा दिवस जातो, कधी कधी दोन दिवस.

इतक्या वर्षांत प्रत्येकानं मला काहीतरी बंद करायला सांगितलं. आईनं दही बंद केलं. लग्नानंतर सासूबाईंनी वांगं आणि हरभऱ्याची डाळ. एका वैद्यांनी आंबट म्हणून जे जे असेल ते. शेजारच्या अक्कांनी केळं. शेंगदाणे मी स्वतःच सोडले, कारण संकष्टीला शाबूची खिचडी खाल्ली की संध्याकाळी डोकं धरणारच, हे मी वर्षानुवर्षं पाहत होते. कुंदाही (बेळगावची दुधाची मिठाई) सोडला. बेळगावला गेलं की आदल्या दिवशी हौसेनं खायचा आणि दुसऱ्या दिवशी अंधार करून पडायचं, असं चार-पाच वेळा झालं. मागच्या दिवाळीपर्यंत अकरा पदार्थ बंद झाले होते. वजन ५२ वरून ४६ किलोवर आलं, हिमोग्लोबिन ९ वर. आणि डोकं महिन्यातून चार-पाच वेळा दुखतच होतं.

हिमोग्लोबिनसाठी गेले तेव्हा डॉक्टरांनी बंद पदार्थांची यादी वाचली आणि म्हणाले, "आता आणखी काही बंद करू नका. सगळं हळूहळू सुरू करा आणि लिहून ठेवा." मी दोनशे पानी वही आणली. रोज एक पान. किती वाजता उठले, किती वाजता काय खाल्लं, चहा केव्हा, पाळीचा कितवा दिवस, झोप किती, उन्हात किती वेळ. डोकं दुखलं तर पहिली कळ किती वाजता आली, दहापैकी किती दुखलं, गोळी केव्हा घेतली. न दुखलेल्या दिवसांचंही पान लिहायचं, ही त्यांची अट होती. तेव्हा मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं.

१२ आठवड्यांची, म्हणजे ८४ दिवसांची बेरीज आता माझ्यासमोर आहे. एकूण १३ वेळा डोकं दुखलं. शेंगदाणे (चटणी, कूट, खिचडी, लाडू, सगळं धरून) ५८ दिवस खाल्ले. त्यांतल्या ९ वेळा पुढच्या चोवीस तासांत दुखलं. २६ दिवस शेंगदाण्याचा कणही नव्हता, त्यात ४ वेळा दुखलं. भागाकार करून बघा. दोन्हीकडे साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास. खाल्ले काय, न खाल्ले काय, सारखंच.

मग दुसरा हिशेब केला. दोन खाण्यांत सहा तासांहून जास्त अंतर पडलं असे १७ दिवस निघाले. तीन संकष्ट्या, आणि बाकीचे शाळेचे. सकाळी साडेसहाला चपातीचा घास घेऊन बस धरायची. दुपारी अक्षरदासोहचं, म्हणजे सरकारी मध्यान्ह भोजनाचं, जेवण मुलांना वाढायचं, उरकायचं, हजेरी भरायची आणि आपला डबा अडीच वाजता उघडायचा. या १७ दिवसांत ८ वेळा डोकं. उरलेल्या ६७ दिवसांत ५ वेळा, आणि त्या पाचांतले तीन पाळीच्या आदल्या किंवा पहिल्या दिवशी.

संकष्टीची पानं पुन्हा वाचली तेव्हा मला धक्का बसला. तिन्ही वेळा "एक वाजता, जांभया" असं माझ्याच अक्षरात आहे. दोन वेळा "मान आखडली" असंही आहे. खिचडी खाल्ली तीनला. म्हणजे दुखणं निघालं होतं खिचडीच्या दोन तास आधी, आणि वीस वर्षं मी शेंगदाण्याला दोष दिला.

कुंद्याचं अजून पूर्ण उलगडलेलं नाही. दुखण्याच्या आदल्या संध्याकाळी मला गोड खावंसं वाटतं, फार वाटतं, एरवी तसं वाटत नाही. दोन वेळा मुद्दाम काहीच गोड खाल्लं नाही. दोन्ही वेळा सकाळी डोकं आलंच.

आता तुमच्याकडून ऐकायचं आहे. कुणाला खरोखर एखादा पदार्थ सापडला आहे का? सापडला तर खात्री कशी केलीत? आपल्याकडचं जेवण, उपास, चहा, कामाच्या वेळा ज्यांना माहीत आहेत अशा लोकांचे अनुभव हवे आहेत.

निपाणीकर_अण्णा · रविवार, रात्री ९.३०

ताई, तुमचं वाचून मला माझा रविवार आठवायला लागलाय. मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. सोमवार ते शनिवार डोकं एकदम ठीक. रविवारी मात्र हमखास दुखतंय. घरात सगळे म्हणतात मटणामुळं. आमच्याकडं रविवारी तांबडा रस्सा ठरलेला. दोन महिने मटण सोडून बघितलं, नुसता झुणका-भाकर खाल्ली, तरी दुखायलंच. आणि खरं सांगतो, दुखायला लागतं अकरा वाजता, मटण ताटात येतंय दीडला. हे आज तुमचं वाचेपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं बघा.

मलप्रभाकाठ · रविवार, रात्री ९.४२

अण्णा, रविवारी उठता किती वाजता? आणि पहिला चहा?

निपाणीकर_अण्णा · रविवार, रात्री ९.५५

रोज पहाटे साडेपाचला चहा होतोय. वखारीत दिवसभर बाय टू (एका कपाचे दोन) धरून आठ-दहा कप, शेवटचा रात्री आठला. रविवारी नऊला उठतो, अंघोळ-देवपूजा करून साडेनऊला चहा.

चिकोडीची_डॉक्टर · रविवार, रात्री ११.१०

मी चिकोडी भागात जनरल प्रॅक्टिस करते. इथं कुणाचं निदान करत नाही, ते समोर तपासूनच होतं. पण या धाग्यावर दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या आहेत, त्यांच्याबद्दल लिहिते.

अण्णा, तुमचा शेवटचा कप शनिवारी रात्री आठला आणि पुढचा रविवारी साडेनऊला. साडेतेरा तास झाले. एरवी हे अंतर साडेनऊ तासांचं असतं. रोज भरपूर चहा-कॉफी घेणाऱ्याचं कॅफीन थांबलं की साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं. त्यात तुम्ही रविवारी तीन-साडेतीन तास जास्त झोपता आणि तेवढा वेळ पोटही रिकामं राहतं. आठवड्याचा ताण एकदम उतरतो, त्यानंही काहींची अर्धशिशी उठते. मटणाचा नंबर फार मागे लागतो. पुढचे चार रविवार साडेपाचला उठून एक कप चहा आणि दोन बिस्किटं घ्या, मग हवं तर पुन्हा झोपा. मटण चालू ठेवा. चहा कमी करायचा असेल तर तीन-चार दिवसांनी एक कप या बेतानं करा. एकदम सोडलात तर आठवडाभर डोकं दुखेल आणि त्याचा दोष पुन्हा भलत्यालाच जाईल.

मलप्रभाकाठताई, तुमच्या गोड खाण्याच्या ओढीबद्दल. अर्धशिशीची कळ सुरू होण्याआधी काही तास, कधी दोन दिवससुद्धा आधी, मेंदूत झटक्याची सुरुवात झालेली असते. तेव्हा जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, लघवीला जास्त वेळा जावं लागतं, आणि काहींना विशिष्ट पदार्थ खावासा वाटतो. तो पदार्थ खाल्ला जातो, नंतर डोकं दुखतं, आणि माणूस म्हणतो की त्यानंच दुखलं. चॉकलेटची बदनामी बऱ्याच अंशी अशीच झाली आहे. तुम्ही न खाऊन पाहिलंत, ते फार योग्य केलंत.

निमित्तं बहुतेक वेळा एकेकटी येत नाहीत. आमच्याकडे वेदगंगा-दूधगंगेवरचे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात, ते एका सरीनं जात नाहीत. आधीच पाणी चढलेलं असतं, वर धरणाचा विसर्ग येतो, मग एक जोराची सर पुरते. पाळी जवळ आली आहे, झोप झालेली नाही, उन्हात बसची वाट पाहिली आहे, अशा दिवशी ताटातल्या एखाद्या गोष्टीनं दुखेल. तीच गोष्ट दुसऱ्या आठवड्यात निवांत पचेल. म्हणूनच "परवा खाल्लं तेव्हा काही झालं नाही" आणि "काल खाल्लं तर डोकं दुखलं" ही दोन्ही वाक्यं खरी असतात. त्यामुळे न दुखलेल्या दिवसांचं पानही लागतंच.

शहापूरच्या_काकू · सोमवार, सकाळी ७.१५

पोरींनो, तुम्ही एवढं लिहिताय पण पित्ताचं नाव कुणी काढलं नाही. माझं आयुष्य पित्ताच्या डोक्यात गेलं. आमच्या घरी माग होते, दिवसभर खटखट. दुखायला लागलं की मी माळ्यावर अंधारात जाऊन पडायची, सासूबाई कपाळाला सुंठ उगाळून लावायच्या. पिवळं पित्त पडलं की तासाभरात डोकं उतरायचं. मग ते पित्तच की नाही? म्हणून मी तुरीची डाळ, दही, शिळं काही खात नाही. आता ६८ वर्षांची आहे, गेल्या दहा-बारा वर्षांत दुखणं फार कमी झालंय.

चिकोडीची_डॉक्टर · सोमवार, दुपारी २.४०

काकू, तुम्ही पाहिलंत ते अगदी खरं आहे. उलटी झाली की उतरतं, हे कितीतरी पेशंट सांगतात, आणि उलटीनंतर काहींचा झटका खरंच संपतो. फक्त कशामागून काय येतं तो क्रम वेगळा आहे. अर्धशिशीच्या झटक्यात जठराचं काम मंदावतं, अन्न पुढं सरकत नाही, मळमळ सुरू होते. आधी जेवलेलं पडतं. पोट रिकामं झाल्यावरही उमासे येत राहिले की लहान आतड्यातलं पिवळं-हिरवं पित्त वर येतं. ते निरोगी माणसाच्या शरीरातही रोज तयार होतं. म्हणजे मळमळ आणि पित्त हे दुखण्याबरोबर येतात, दुखणं त्यांच्यातून निघत नाही.

व्यवहारात याचा उपयोग असा: जठर मंदावल्यावर घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. कळ सुरू होताच घेतली तर तीच गोळी चांगली लागू पडते. उलटी होईस्तोवर थांबून मग घेतली तर वाया जाते. उलटीचा त्रास जास्त असेल तर त्यासाठीचं औषध आधी किंवा सोबत देता येतं, डॉक्टरांना तसं सांगावं.

आणि "पित्त वाढलंय" म्हणून आपल्याकडे लंघन करतात. अर्धशिशीच्या माणसाचं लंघनानं अनेकदा आणखी दुखतं. अंधारात, शांत पडून राहणं, ही तुमची गोष्ट मात्र आम्हीही सांगतो. पाळी गेल्यानंतर बऱ्याच बायकांची अर्धशिशी ओसरते. तुमचं दुखणं कमी झालं त्यात डाळीपेक्षा त्याचा हात मोठा असण्याची शक्यता आहे. आवडत असेल तर तुरीचं वरण थोडं खाऊन बघा.

कॅम्पातली · सोमवार, रात्री १०.२०

मूळची बेळगावची, सध्या पुण्यात नोकरी. मी एक महागडी चूक केली, ती सांगते. रक्ताची "फूड इनटॉलरन्स" तपासणी करून घेतली. प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही. जवळजवळ दोनशे पदार्थ, त्यांतले ३४ लाल खुणेचे. गहू, दूध, शेंगदाणे, अंडी, मिरची, वेलदोडा. तीन महिने मी जवळपास भात आणि दुधी भोपळ्यावर काढले. अशक्तपणा आला, डोकं तसंच.

नंतर न्यूरॉलॉजिस्टनी समजावलं की त्या तपासणीत आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांचं प्रमाण मोजतात. आपण जे नेहमी खातो त्यांच्याविरुद्ध ते प्रतिपिंड असणं स्वाभाविक आहे. त्यावरून पदार्थ बाधतो असं ठरत नाही, आणि ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्था ही तपासणी करू नका असंच सांगतात. माझा लाल रंगातला पहिला पदार्थ गहू होता, आणि मी लहानपणापासून दोन वेळा चपाती खाते!

माझा खरा संशय गोबी मंचुरीवर होता, अजिनोमोटोमुळे. पण वही लिहिल्यावर दिसलं की गोबी मी रात्री साडेदहाला खायचे, तीही दुपारचं जेवण हुकलेल्या दिवशी. मग पाकिटांवर बघायला लागले. अजिनोमोटोचा नंबर ६२१, बारीक अक्षरात असतो. ६२१ असलेल्या चिप्स दुपारी नीट जेवून मी दहा-बारा वेळा खाल्ल्या, एकदाही दुखलं नाही. इकडे कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरीतल्या रंगांवर बंदी आली तेव्हा आईनं फोन करून सांगितलं, "बघ, त्यानंच दुखत होतं तुझं." त्या रंगांचा अर्धशिशीशी काही संबंध आहे का, डॉक्टर?

चिकोडीची_डॉक्टर · सोमवार, रात्री ११.०५

ती बंदी कृत्रिम रंग आरोग्याला अपायकारक म्हणून आली, डोकेदुखीसाठी नव्हे. रंग नसलेलं खाणं चांगलंच, आईंचं ऐका. पण तुमच्या वहीत जेवण हुकल्याचा पुरावा जास्त ठळक आहे. अजिनोमोटोबद्दलचा पुरावा एकूणच कच्चा आहे.

इंटरनेटवरच्या याद्यांबद्दलही सांगते. १९६७ साली ब्रिटनमध्ये एड्डा हॅनिंग्टन यांनी चीजमधल्या टायरामीन या घटकाचा अर्धशिशीशी संबंध मांडला. तिथून जुनं चीज, खारवलेलं मांस, रेड वाइन अशा याद्या सुरू झाल्या. त्या तिकडच्या स्वयंपाकघरातल्या आहेत. टायरामीन महिनोन्महिने मुरवलेल्या पदार्थांत वाढतं. ताज्या पनीरमध्ये ते फारसं नसतं. इथल्या माणसानं ती यादी भिंतीला लावून "चीज बंद म्हणजे पनीर बंद, दही बंद, इडली बंद" असं करत जाऊ नये.

जांबोटीचा_पाऊस · मंगळवार, सकाळी ६.५०

मला एक पदार्थ खरंच सापडला, म्हणून लिहितो. दारू.

मी फार पिणारा नाही. वर्षातून चार-पाच वेळा मित्रांबरोबर चोर्ला घाटातून गोव्याला जाणं, तिथं वाइन नाही तर बिअर. प्रत्येक वेळी तीन तासांच्या आत डोकं. पण मीसुद्धा आधी घाटाला दोष दिला. वळणं, झाडांतून डोळ्यावर लपकणारं ऊन, गाडीत रिकाम्या पोटी बसणं. मग दोन वेळा गेलो आणि काहीच प्यायलो नाही. घाट तोच, ऊन तेच, डोकं नाही. पुढं घरीच, भरपेट जेवून, लग्नाच्या वाढदिवसाला एक ग्लास वाइन घेतली. अडीच तासांत डावी बाजू ठणकायला लागली. तिथंच ठरलं. तीन वर्षं झाली, थेंब नाही. अर्धशिशी पूर्ण गेलेली नाही, उन्हाळ्यात येतेच, पण वर्षाचे ते चार-पाच झटके वाचले.

डोळ्यांपुढं नागमोडी चकाकणाऱ्या रेघा वीस-पंचवीस मिनिटं दिसतात आणि मग दुखतं, हे आणखी कुणाला होतं का?

चिकोडीची_डॉक्टर · मंगळवार, दुपारी १.३०

खाण्यापिण्यातलं सगळ्यात भरवशाचं निमित्त म्हणायचं तर दारूचंच नाव घ्यावं लागेल, आणि तुम्ही घाट वेगळा काढून पाहिलात ही पद्धत उत्तम. परीक्षेसाठी म्हणून पुन्हा पिऊन बघायची गरज नाही.

त्या रेघांना ऑरा म्हणतात. साधारण ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो. ऑरा असणाऱ्या बायकांनी गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी त्यांच्यात पक्षाघाताचा धोका वाढतो.

याच ओघात, कुठलं डोकं वहीवर सोडू नये तेही सांगते. एका मिनिटाच्या आत कळस गाठणारी, आयुष्यातली सगळ्यात भयंकर वाटणारी कळ. ताप आणि मान ताठ. हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं आलेलं. यात कशानं दुखलं ते शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

अथणीची_आई · मंगळवार, रात्री ९.१५

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. महिन्यातून दोन-तीनदा शाळेतून डोकं दुखतं म्हणून फोन येतो. कपाळ सगळंच दुखतं म्हणतो, एक बाजू नाही. उलटी होते, तास-दोन तास झोपला की उठून खेळायला जातो. आजोबांना वाटतं नाटक करतो. यांच्या मावशींनी दूध, अंडी, शेंगाचिक्की सगळं बंद करायला सांगितलंय. करू का?

चिकोडीची_डॉक्टर · मंगळवार, रात्री १०.००

करू नका. वाढत्या वयात एवढं सगळं काढून टाकणं धोक्याचं आहे, तेही नुसत्या संशयावर. लहान मुलांची अर्धशिशी अनेकदा दोन्ही बाजूंना असते, दोन तासांतही संपते, आणि झोपेनं उतरते. आजोबांना हे जरूर सांगा, नाटक नसण्याचीच शक्यता जास्त. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, डोळे तपासून घ्या. तोवर तीन गोष्टी लिहा: सकाळी काय खाऊन गेला, पाण्याची बाटली किती रिकामी आली, रात्री किती वाजता झोपला.

मलप्रभाकाठ · मंगळवार, रात्री १०.४०

अथणीच्या ताई, मी रोज वर्गात बघते. साडेअकराला "बाई, डोकं दुखतंय" म्हणणाऱ्या पोराला विचारलं तर सकाळी नुसता चहा पिऊन आलेलं असतं. अर्धशिशी असलेल्या मुलाला तर ते अजिबात चालणार नाही. उप्पीट असो की शिळी भाकरी कुस्करून दूध असो, काहीतरी पोटात घालूनच पाठवा.

सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर वही बरोबर न्या. आमच्याकडे सिस्टर कन्नडमध्ये विचारतात, "यावाग शुरु आयतु?" (कधी सुरू झालं?) आणि माझं कन्नड तिथंच अडखळतं. तलेनोवु (डोकेदुखी), वांती (उलटी) एवढे शब्द येतात, पुढचं सांगता येत नाही. पण तारखा, तास आणि दहापैकीचे आकडे दाखवले की काम होतं.

डॉक्टर, एखाद्या पदार्थाचा संशय उरलाच तर तो नीट कसा तपासायचा? माझा अजून लोणच्यावर आहे.

चिकोडीची_डॉक्टर · बुधवार, दुपारी ३.१०

एका वेळी एकच पदार्थ. चार आठवडे पूर्ण बंद, बाकी जेवण, चहा, झोप जशी आहे तशी. दोन पदार्थ एकत्र बंद केलेत आणि बरं वाटलं तर कुणामुळे ते कळणार नाही. मग तोच पदार्थ नेहमीच्या प्रमाणात पुन्हा सुरू करायचा. पाळीच्या आसपास नाही, प्रवासाच्या किंवा उपासाच्या दिवशी नाही. साध्या दिवशी, आणि एकदा नव्हे, तीन-चार वेळा. पुन्हा सुरू करण्याची पायरी लोक गाळतात, आणि पदार्थ कायमचा जातो. ज्यांना महिन्यातून एकदाच दुखतं त्यांना चार आठवडे पुरणार नाहीत, त्यांनी जास्त काळ बघावं.

वहीत गोळ्यांचा रकाना वेगळा ठेवा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, मिश्र गोळ्या (एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या) किंवा ट्रिप्टान (खास अर्धशिशीची औषधं) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी सुरू होऊ शकते. दुकानात सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत कॅफीनही असतं. अशा माणसानं पदार्थ शोधण्यात वेळ घालवू नये, आधी गोळ्यांचा प्रश्न डॉक्टरांच्या मदतीनं सोडवावा.

शहापूरच्या_काकू · बुधवार, संध्याकाळी ६.००

काल तुरीचं वरण-भात-तूप खाल्लं. किती वर्षांनी! काही झालं नाही. आठवड्यानं परत खाते आणि सांगते.

निपाणीकर_अण्णा · तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४.२०

डॉक्टर, ताई, सांगायला आलोय. तीन रविवार झाले, साडेपाचला मुलगी चहा आणि टोस्ट देतीय, मग परत झोपतोय. पहिल्या दोन रविवारी डोकं नाही. आज थोडं जड झालं, पण काल लग्नाला कोल्हापूरला जाऊन रात्री एकला आलो होतो, तेही लिहून ठेवलंय. मटण तिन्ही रविवारी खाल्लं. चहा दहावरून सहावर आणलाय. बायकोनंही तिच्या डोक्याची वही सुरू केलीय.

मलप्रभाकाठ · तीन आठवड्यांनी, बुधवार, रात्री १०.३०

अण्णा, फार बरं वाटलं वाचून.

माझं सांगते. शाळेत आता अकराच्या सुट्टीत अर्धी भाकरी आणि शेंगाची चटणी खाते. जी चटणी मी सोडली होती, तिच्याच आधारावर अडीचपर्यंत निभावते. तीन आठवड्यांत दोनदा दुखलं, एकदा पाळीच्या आदल्या दिवशी, एकदा कारण कळलं नाही. लोणचं अजून बंद आहे, चौथा आठवडा पुढच्या शुक्रवारी संपेल.

आज संकष्टी होती. सासूबाईंशी चार दिवसांपूर्वी बोलले होते. उपास सोडायचा नव्हता, त्यांच्या मनाला ते लागलं असतं आणि मलाही. वही त्यांना वाचून दाखवली, जांभयांच्या ओळींसकट. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "देवाला उपाशी डोकं नकोय गं." आज सकाळी आठला दूध-केळं, अकराला राजगिऱ्याचा लाडू, दोनला शाबूची खिचडी शेंगदाण्याचं कूट घालून, पाचला ताक आणि उकडलेलं रताळं. ताक त्यांनीच शाळेतून येईपर्यंत करून ठेवलं होतं.

चंद्र उगवायला पावणेदहा झाले. मघाशी जेवले. एक वाजता जांभया नाहीत, मान मोकळी, डोकं नाही. एकाच संकष्टीवरून काही ठरवत नाही, पुढच्या दोन बघते. आजचं पान लिहून झालं आहे.